मामांनी उतरवलेलं मशीन

“काढायचं न्हाय, शेठ. उतरवायचं.”

असं म्हणताना मामा उजवा तळहात डोक्याच्या वर नेत आणि हवेतून सावकाश कमरेपर्यंत खाली आणत. हात खाली पोचेपर्यंत समोरच्यानं मध्ये बोलायचं नाही. कुणी चुकून “मामा, आमच्या गच्चीवरचा एसी काढायचाय” म्हणालाच, तर त्याला पुढचं ऐकावं लागे. “दात काढतेत, खोड्या काढतेत. मशीन उतरवतेत.”

उमरग्यात हायवेच्या दोन्ही अंगांना दवाखाने, लॉज, मंगल कार्यालयं आणि माझ्यासारख्यांची कापडाची दुकानं आहेत. त्यांच्या गच्च्यांवर कधीकाळी मोठ्या हौसेनं एसीची आणि कूलरची धुडं चढवली गेली. पुढं खोलीखोलीत भिंतीवरचे छोटे एसी आले आणि ही धुडं वर गंजत बसली. चढवणारे चढवून गेले होते. खाली आणायला गावात एकच माणूस. तुम्ही सोलापूरहून हैदराबादला जाताना इथं चहाला थांबलात, तर जरा मान वर करून बघा. ज्या गच्च्या मोकळ्या दिसतील त्या मामांच्या समजा.

मामा सीमेवरच्या एका खेड्यातले लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि राग आला की हिंदी. मशीनचा पत्रा उघडण्याआधी त्यावर टकटक करून विचारायचे, “कोन हाय का आत?” आत बहुधा पारवे असत. एकदा मांजरी निघाली, पिलांसकट. “बाळंतीण हाय,” असं मालकाला सांगून मामा दोर गुंडाळून घरी गेले आणि पिलं हिंडायला लागल्यावरच परत आले. जुनं धूड हलल्याशिवाय नवा एसी बसेना, म्हणून मालकानं तोवर घामाघूम होऊन धंदा केला.

या ‘उतरवणं’ शब्दानं एकदा गंमतच केली. एका दवाखान्याच्या जिन्यात मामा मोठ्यानं म्हणाले, “सरका, म्या उतरवायला आलोय.” बाकावरच्या एका म्हातारीनं लगेच किरकिरणारा नातू त्यांच्यापुढं धरला. “बाबा, ह्याची उतरवा की. दोन दिस झालं, दूध पीत न्हाय.” वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? मामांनी दोराचं टोक पोराच्या तोंडावरून ओवाळलं आणि गंभीरपणे वर निघून गेले. त्यांच्या मिशा बघून पोरगं चिडीचूप झालं. पुढचे बरेच दिवस लोक मामांच्या घरी पोरं घेऊन जात होते.

पण त्यांची खरी मिजास एका वाक्यात होती. “सरकार पडतंय, सोयाबीनचा भाव पडतोय. माझं मशीन पडत न्हाय.” हे खरंही होतं. त्यांच्या हातून एकही मशीन कधी पडलं नव्हतं. गावात त्यांची ओळख, त्यांचा मान आणि त्या मिशांचा पीळ, सगळं या एका वाक्यावर उभं होतं.

कामाला त्यांचे दोनच हुकूम. ‘हिडी’ म्हणजे धरा आणि ‘बिडी’ म्हणजे सोडा, तेही वीतभरच. दोन्ही कानडी. कर्नाटकातल्या आळंदचे माझे एक पाहुणे त्यांना म्हणाले, “सोडायला आमच्यात ‘बिड्री’ म्हणतात.” मामा म्हणाले, “हिडी-बिडी कसं जोडीनं जातंय. बिड्रीनं ताल तुटतोय.”

तर माझ्या दुकानाची पाळी आली. वरच्या मजल्यावरचं भाड्याचं ऑफिस कधीच उठून गेलं होतं, पण त्यांचं थंड हवेचं धूड गच्चीवर राहिलं होतं. मामा वर कठड्याशी उभे राहिले. दोर कप्पीवरून खाली रस्त्यावर आला होता आणि तो धरायला चार गडी होते. त्यातला एक नवा, परंड्याकडच्या सोनारीचा. तिशीतला, अंगानं दणकट, पण कानडीचा वाराही न लागलेला. मामांनी ओरडून ओरडून सगळ्यांच्या गाड्या खालून हलवायला लावल्या. त्यांची स्वतःची स्कूटर मात्र तिथंच राहिली.

“हिडी… बिडी… हिडी…” करत मशीन दुकानाच्या पाटीपर्यंत सुरेख आलं. सोनारीवाला इतका वेळ शेजाऱ्यांचं बघून हात हलवत होता. मामा पुन्हा “बिडी” म्हणाले तसा त्याला प्रश्न पडला. म्हातारा मघापासून बिडी मागतोय आणि कुणीच कसं देत नाही? त्यानं दोर सोडला, खिसा चाचपला आणि वर बघून अदबीनं म्हणाला,

“बिडी न्हाय, मामा. तंबाखू चालंल का?”

त्याचं बोलणं संपायच्या आत मशीन स्कूटरवर बसलं होतं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मामा जिना उतरून आले. त्यांनी मशीनकडं बघितलं, स्कूटरकडं बघितलं, मग सोनारीवाल्याकडं.

“म्या काय म्हणलो?”

“बिडी म्हणलात.”

“मग तू काय केलास?”

“दोर सोडला.”

“मग बराबर हाय की.” मामा आमच्याकडं वळले. “उतरलं.”

समोरचा मिठाईवाला हसत म्हणाला, “मामा, पडलं की हो.” मामांनी मिशांना पीळ दिला. पण एक टोक खालीच येत होतं. मला फार वाईट वाटलं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “उतरलं. मी इथंच उभा होतो.” मिठाईवाल्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा मामांकडं बघितलं आणि तोही म्हणाला, “व्हय, उतरलंच म्हणायचं.” त्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर ते मशीन उतरलेलंच आहे.

सोनारीवाल्याला मामांनी काढलं नाही. “त्येनं हुकूम पाळला,” म्हणाले. उलट कायमचा सोबत ठेवला आणि दोन शब्दांचं कानडी शिकवलं. स्कूटरही तीच राहिली. तिचं हँडल तेवढं कायमचं कर्नाटकाकडं वळलं होतं.

पुढं मामा दुकानात येऊन बसत. चहा संपत आला, गिऱ्हाईक नाही असं बघितलं, की हळूच विचारत, “शेठ, त्या दिशी उतरलंच ना?” मी कापडाची घडी घालत म्हणायचो, “उतरलं की, मामा.” मग ते मिशीवरून हात फिरवून उठत.

गेल्या थंडीत मामा गेले. त्यांच्यात पुरतात, तेही बसवून. चौघांनी धोतराच्या झोळीची टोकं धरून त्यांना खड्ड्यात खाली नेलं. त्यातलं एक टोक सोनारीवाल्याच्या हातात होतं. मामा नीट टेकले तसे एक कानडी नातेवाईक हलकेच म्हणाले, “बिड्री.” तिघांनी सोडलं. सोनारीवाल्यानं सोडलं नाही. नातेवाईक पुन्हा म्हणाले, तरी तो तसाच वाकलेला, मुठी आवळून.

मी पुढं झालो आणि म्हणालो, “बिडी.”

त्यानं टोक सोडलं. हाताची माती पुसत माझ्याजवळ आला आणि खाली मान घालून विचारलं,

“शेठ, बराबर उतरलं ना?”

“उतरले,” मी म्हणालो.