आधी पट्टी!

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. आमचं मशीन थंड व्हायला अख्खा दिवस घेतं, तोवर माणसं गप्पा मारणार नाहीत तर काय करणार! घोडबंदर रोडला आमची लॅब. डोळ्यांना न दिसणाऱ्या सेमीकंडक्टरच्या तारांमधून वीज कशी वाहते, ते आम्ही मोजतो.

या तारा भलत्या नाजूक. अंगावरच्या स्थिर विजेनेसुद्धा मरतात. म्हणून टेबलाशेजारी अर्थिंगची तांब्याची पट्टी आहे. तिला हात टेकवल्याशिवाय सॅम्पलला शिवायचं नाही. आमचे देवधर सर दारातूनच ओरडतात, "आधी पट्टी!" एकदा डायरेक्टर पाहुणे घेऊन आले. सर त्यांच्यावरही ओरडले. डायरेक्टरांनी घाबरून हात टेकवला, पाहुण्यांनी तर पट्टीला नमस्कारच केला!

*

पीएचडी करणारी आमची सायली ठाकुर्लीला राहते. सासरे तिला विचारायचे, "अगं, तुझी ती तार दिसत नाही, मग तुटली हे कळतं कसं?"

"सर ओरडतात ना बाबा!"

*

तिची एकेक करत सगळी सॅम्पल्स गेली, एकच उरलं. त्यात सातवा महिना. हेही गेलं, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. फार जीव तुटायचा तिच्यासाठी.

डोहाळजेवणाला सगळ्यांनी भरजरी काहीबाही आणलं. सरांनी साधी सुती साडी दिली. म्हणाले, "ही नेसून लॅबमध्ये येता येईल. सिंथेटिक नको, त्याने अंगावर वीज साठते."

*

शेवटचं सॅम्पल मशीनमध्ये गेलं. तार चांगली असेल, तर आलेख सरळ चढत नाही, जिन्यासारखा पायरी-पायरीने चढतो. स्क्रीनवर पहिली पायरी आली. मग दुसरी. तिसरीला सायली रडायलाच लागली.

सरांनी चष्मा पुसला. "चहा सांगा रे सगळ्यांना!"

आम्ही बघतच राहिलो. सरांनी त्याआधी कुणाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं!

*

सायलीला मुलगी झाली. आम्ही सरांना घेऊन ठाकुर्लीला गेलो. सासूबाईंनी बाळ पुढे केलं, "घ्या ना सर."

सर दोन पावलं मागे सरले. "नको हो. फारच लहान आहे."

"घ्या हो सर, काही होत नाही," सायली म्हणाली.

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. खिडकीपाशी गेले, लोखंडी गजावर तळवा टेकवून क्षणभर उभे राहिले. मग वळून दोन्ही हात पुढे केले.

"हं. द्या आता."