एकाच बोर्डात दोन वायरी

आमच्या आष्ट्याच्या दवाखान्यातला सर्व्हर भरदुपारी बंद पडला. एका म्हातारीला ऑपरेशनसाठी आत नेलेलं, आणि तिचे सगळे रिपोर्ट त्या पेटीत अडकलेले. बाहेर तिची दोन मुलं येरझाऱ्या घालत होती.

सांगलीहून दुरुस्तीवाला आला. निवृत्त फौजी, मिशा पांढऱ्या पण पिळदार. मी सूत्रधारासारखा हात पसरून सांगितलं, "ह्याला दोन पॉवर सप्लाय आहेत. एक मेला तरी दुसरा जगवतो. पण बघा, दोघांचेही दिवे विझले."

तो वायरींवरून बोटं फिरवत मागे गेला. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या होत्या आणि बोर्ड जळाला होता. त्याने त्या वायरी दोन भिंतींवरच्या वेगवेगळ्या सॉकेटांत लावल्या. हिरवे दिवे लागले.

"म्हणजे दोघं एकाच गाडीत बसून वर गेले की," मी हसलो.

"व्हय," तो दिव्यांकडे बघत म्हणाला. "माजी दोन पोरंबी एकाच मोटरसायकलवर गेली."

दिवे टिकतात का बघत तो तिथेच बसून राहिला. संध्याकाळी म्हातारी शुद्धीवर आली. "काका, स्टँडवर सोडतो तुमाला," म्हणत तिची दोन्ही मुलं गाडी काढायला धावली.

"एकानंच चला," तो म्हणाला. "एकानं आईपाशी थांबा, गड्या."