कंप्युटरनं मांडलेली तीन अक्षरं

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माझ्या लेकरांनो, आज काय होतं ते ग्रुपवर एकाला तरी आठवलं का?

मला लिहाय-वाचाय येत न्हाई. मी सांगते, नात रेणू टाइप करते. दुपारी ती कंप्युटरवर शब्द जुळवायचा खेळ खेळून राहिली होती. तिचा डाव झाला की कंप्युटर स्वतः अक्षरांच्या सोंगट्या मांडतो. मी शेजारी बसून तिला चिडवत होते.

एकदम त्यानं तीन सोंगट्या मांडल्या अन् माझं हसू थांबलं. जन्मात तेवढीच तीन अक्षरं मी ओळखते. लग्नात माझ्या हातावर गोंदलेलं आमच्या ह्यांचं, तुमच्या आजोबांचं नाव. तोंडानं मी ते अजून घेत न्हाई.

मी हात पडद्याजवळ धरला. रेणूनं दोन्हीकडचं वाचलं.

"आजी, या खेळात माणसांची नावं चालतच न्हाईत गं!"

तिनं खेळ बंद करून नवा डाव लावला. सगळा पट रिकामा, ती तीन अक्षरं मात्र तिथंच.

मग तिनं कॅलेंडर बघितलं. आज त्यांची तिथी. तुम्हाला काय बोलू, मीच विसरले. कावळ्याला घास न्हाई, माझा माणूस सकाळपासून उपाशी.

तुमच्याकडं आलंय का कुणी असं आठवण द्यायला?

सुमे, माझी लेक ना तू? उमरीहून मिळेल त्या पहिल्या बसनं घासाला त्यांच्या आवडीचे धपाटे पाठव. दिवस मावळायच्या आत. शेंगदाण्याची चटणी विसरू नको, न्हाईतर परत येतील.