जाळीपाशी सांगायची स्वप्नं

इल्दा वोर्सेन गल्लीभराची स्वप्नं रचायची. मिठागर गल्लीतल्या प्रत्येक घराला रोज सकाळी एक निर्धोक स्वप्न लागायचं, आणि ते पुरवायचं काम कुणी न सांगता तिच्या गळ्यात येऊन पडलं होतं. जागृत चर्चचा नियमच तसा होता. देव कधी झोपत नाही; माणूस झोपतो आणि तेवढ्यात वाट चुकतो. तेव्हा झोपेत जे पाहिलं ते तोंडात घास घालण्याआधी चर्चच्या जाळीपाशी जाऊन पलीकडे बसलेल्या फादरना सांगून टाकायचं. साम्राज्यातल्या साऱ्या ग्रहांवर आणि साऱ्या चंद्रांवर अशा उपाशी रांगा लागत. राजधानीत म्हणे खुद्द सम्राटही रांगेत उभा राहायचा. खरं असेल तर त्याची स्वप्नं कोण रचून देत होतं, देव जाणे.

त्यांचा चंद्र ज्याच्याभोवती फिरायचा तो थोरला ग्रह पहाटे मावळायला लागायचा. त्याचं ते अर्धं आकाश व्यापणारं तांबूस बिंब मिठाच्या पठाराला टेकलं की सगळी गल्ली गुलाबी धुक्यात तरंगायला लागायची, आणि माणसं पाणी मागायच्या निमित्ताने इल्दाच्या खिडकीशी येऊन उभी राहायची.

"काकू, आज माझं काय?" शेजारची बेरित विचारायची. ती मिठाची पोती शिवायची आणि तिचं तोंड सुईपेक्षा जोरात चालायचं.

"तू जिना चढतेयस. लांबच लांब, मिठाचा. वरच्या पायरीवर हरीण बसलंय."

"परवा पण हरीणच होतं की!"

"तेच हरीण. आज उठून दोन पायऱ्या खाली आलंय. आणि लांबवर दिवा दिसला म्हणून सांग. दिवा त्यांना आवडतो."

"मला मेलीला एकदा तरी लग्नबिग्नाचं स्वप्न दे गं."

"दिलं असतं. पण नवरा कोण म्हणून विचारतील, आणि तू चार नावं सांगशील."

त्या चंद्रावर हरीण कुणी पाहिलेलं नव्हतं. चर्चच्या भिंतीवर एक रंगवलेलं होतं, तेवढंच. पण रोज एकेका घराच्या झोपेतून चालून चालून ते इल्दाला इतकं खरं वाटायला लागलं होतं की भर दुपारी मीठ निवडताना तिला त्याच्या खुरांचा आवाज यायचा. गल्लीत ती राहायची, पण जगायची त्या जिन्यावर.

हे सगळं ओरेलपासून सुरू झालं. ओरेल तिचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा असताना तो जाळीपाशी खरं बोलला. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा बोटीत बसलेले दिसले, माझ्याकडे बघून हसले, असं तो सांगून आला, आणि सांगताना आनंदाने रडला. मेलेल्या माणसाला भेटणं म्हणजे पाखंड. दुपारी पांढऱ्या झग्यातली माणसं आली आणि त्याला जागरघरात घेऊन गेली. जागरघर पलीकडच्या चंद्रावर. तिथे माणसाला स्वप्न मूळ धरेल इतका वेळ झोपूच देत नाहीत. तसं वर्षानुवर्षं केलं की मनातली ती फांदी वाळते आणि माणूस पवित्र होतो, असं चर्चचं म्हणणं. कुणाच्या पोराला पवित्र करायला निघालेल्या माणसांचा मला तरी भारी संताप येतो. इल्दाला संताप करायचीही चोरी होती. तिने एवढंच केलं, की त्या दिवसापासून गल्लीतल्या कुणालाही खरं स्वप्न घेऊन जाळीपाशी जाऊ दिलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मग राजधानीत उलथापालथ झाली. जुने धर्मगुरू पायउतार झाले, नवी धर्मसभा बसली, आणि पुष्कळ भांडून तिने एक दिवस जाहीर केलं की देवालाही झोप लागते. त्यामुळे माणसाच्या झोपेवर चर्चचा हक्क नाही. जाळ्या काढून टाका, जागरघरं उघडा.

"देव झोपलाय तोवर आटपून घ्या रे!" असं मिठागरावरची माणसं एकमेकांना म्हणायला लागली. पण जाळी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली उपाशीपोटी चर्चपुढे रांगेत हजर. समोर भिंतीला नुसतं भगदाड. काय करायचं कुणालाच सुचेना आणि आधी घरी जायला कुणी धजेना. शेवटी बेरितने खिशातून पावाचा तुकडा काढला, चावला, आणि तोंडात घास तसाच धरून रडायला लागली.

इल्दाला आता एकच चिंता होती. ओरेल येईल का, आणि आला तर त्याच्यात ओरेल किती उरला असेल.

एके दुपारी दारात फादर देझिदर उभे. जाळीमागे बसणारे तेच. झग्याशिवाय ते एखाद्या वाळलेल्या मासळीसारखे दिसत होते.

"इल्दाबाई," ते म्हणाले, "त्या हरणाचं पुढे काय झालं?"

इल्दाने दार लोटायला हात घातला, पण ते बोलतच राहिले.

"आम्हाला एक मुळी उकळून प्यायला देत. जाळीमागच्या माणसाला स्वप्न पडून चालत नाही. इतक्या वर्षांत मी काही म्हणता काही पाहिलेलं नाही. तुमच्या गल्लीची रांग आली की मी कान टवकारून बसायचो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"एकच हरीण गल्लीभर कसं फिरेल, बाई?"

"मग माझ्या पोराच्या वेळी का नाही गप्प बसलात?"

फादर चौकटीकडे बघत म्हणाले, "घाबरलो होतो. नंतरही घाबरतच होतो, पण तेव्हा जास्त."

"हरीण मेलं," इल्दा म्हणाली.

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. वळता वळता ते थांबले. "ओरेल परवाच्या यानाने येतोय. त्याला काही विचारू नका. काय पाहिलंस, काय पाहिलंस, हेच तिथे अष्टौप्रहर विचारतात. पण आपणहून बोलला तर तिथल्या तिथे ऐकून घ्या. स्वप्न जिभेवर असेल तेवढंच असतं. मध्ये खोकला आला तरी जातं."

इल्दाला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. ते गल्लीच्या टोकाला पोचल्यावर तिने ओरडून सांगितलं, "मेलं नाही! खाली उतरलंय. पाणी पितंय."

ओरेल आला तो उंच, वाळलेला, पापणी न लववणारा. बस म्हटल्याशिवाय बसेना. दिवस कलला की दारात उभा राहून विचारायचा, "झोपू का?"

"झोप की रे राजा. हे काय विचारणं?"

तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचा आणि घटकाभरात दचकून उभा राहायचा. मग हळूहळू आडवा व्हायला लागला. मग पांघरूण घ्यायला लागला. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत इल्दा पलीकडे पडून असायची. तो श्वास लांबला की तिला वाटायचं, आपण दोघं एकाच पाण्यावर पडलोय आणि पाणी आपल्याला हळूच कुठेतरी नेतंय.

"पडलं का गं त्याला काही?" बेरित कुजबुजायची.

"विचारायचं नाही."

"अगं, मी तुला विचारतेय."

"मलाही नाही. तू तुझी पोती शीव."

"एखादं रचून दे ना त्याला. तुझ्या हातचा मळ तो."

इल्दाकडे होतं की तयार. बोट होती, बाबा होते, हसूही होतं. पण ते त्याच्या कानात घालायला तिचं मन धजेना. रचलेली स्वप्नं जाळीसाठी होती. पोराला ती कशी द्यायची?

आणि मग एका सकाळी ओरेल आतल्या खोलीतून धडपडत बाहेर आला. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ, चेहरा थेट एकोणिसाव्या वर्षाचा.

"आई, मी आत्ता..."

इल्दाचा हात त्याच्या तोंडावर गेला. तिने नेला नाही, तो गेला. घट्ट. बाहेर रांग नव्हती, जाळी नव्हती, पांढरे झगे नव्हते, सगळं तिला ठाऊक होतं, तरी हात निघेना. ओरेलने तो झटकला नाही. तोंड दाबलं की निमूट उभं राहायचं हे तो शिकून आला होता. तिच्या बोटांवरून त्याचे डोळे नुसते बघत राहिले, आणि बघता बघता त्यातलं काहीतरी ओसरून गेलं.

तिने हात ओढून घेतला. "सांग. सांग रे, मला सांग."

त्याने तोंड उघडलं.

"गेलं," तो म्हणाला.

"आठव ना! माणूस होतं कुणी? पाणी होतं? काय पाहिलंस?" जे विचारायचं नव्हतं तेच ती विचारत सुटली.

"होतं काहीतरी. चांगलं होतं."

इल्दा खाली बसली आणि त्याला नेलं त्या दिवशीही रडली नव्हती अशी रडली. सगळ्या गल्लीला जाळीपासून वाचवलं, आणि तीच जाळी आपल्या हातात येऊन बसली, हे तिला सोसवेना. ओरेल तिच्यासमोर उकिडवा बसला. तो हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आई, उद्या पडेल की. आता पडायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत तिने सर्वांत मोठं पातेलं काढलं. पीठ ओतलं, मुद्दाम जास्त पाणी घातलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या चिकट गोळ्यात खुपसून आतल्या दाराकडे तोंड करून बसली. बाजूने जाणाऱ्या बेरितने विचारलं, एवढे पाव कुणासाठी? इल्दाने तिला मानेनेच पुढे जायला सांगितलं; आज हात तिथून निघायला नको होते. आत पांघरूण सरकल्याचा आवाज झाला.