शिवणीतलं मीठ

इस्माईलभाई गेल्याचं त्यांच्या धाकट्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी सौदीतल्या यान्बूच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये ड्यूटीवर होतो. "अब्बा सकाळी गेले, अंकल," एवढंच म्हणाली. त्याला आता महिना झाला.

आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे. इथे सात वर्षं एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत राहिलो. मी साधा लॅब टेक्निशियन, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'डॉक्टर' करून टाकलं आणि कितीही सांगितलं तरी ती पदवी परत घेतली नाही. त्यांच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाचं, शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. थंडीत किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्याच्या खाजणांत बदकं उतरत. कफील आणि त्यांचे दोस्त शिकारीला जात आणि मोसम संपला की चिखलानं माखलेलं सामान दुकानामागच्या गोदामात आणून टाकत. बंदुका तेवढ्या आपापल्या घरी. बाकी सगळं, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवायची प्लास्टिकची बदकं, आडोशाच्या जाळ्या, छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी, इस्माईलभाईंच्या हवाली. मग महिनाभर हा माणूस दुसऱ्या कशाचं नाव घेत नसे. प्रत्येक बदकाची दोरी सोडवून धुवायची, पुन्हा गुंडाळायची. विजारी आतून-बाहेरून सावलीत वाळवून त्यांना पावडर लावायची. "तान्ह्या पोराचं कुणी इतकं करत नाही," मी चिडवायचो. ते हसून म्हणायचे, "आमचे बाबा पावसाळ्याआधी जाळी अशीच ठेवायचे. तीच सवय लागली."

मग दुकानांतल्या जागा सौदींना द्यायचा नियम त्यांच्या दुकानापर्यंत पोचला. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, पुन्हा मिळणार नव्हता. जायच्या आधी तुमच्या जागी येणाऱ्या फहदला काम शिकवा, असं कफीलनं सांगितलं. फहद तिशीतला, शांत, नुकतं लग्न झालेला गृहस्थ. तिकडे गावी धाकटीच्या नर्सिंगची दोन वर्षं अजून बाकी होती. इस्माईलभाईंच्या जागी मी असतो तर तोंडही उघडलं नसतं. ते मात्र रोज त्याला शेजारी बसवून शिकवत होते. फक्त जायच्या आदल्या संध्याकाळी, चहा पिताना हळूच म्हणाले, "एक गोष्ट त्याला सांगलेली नाय, डॉक्टर. वर्षभरात सामान खराब होईल. मग कफील दुसऱ्या व्हिसावर मला बोलावतील."

"शाबास! शहाणे झालात," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून विमानतळावर सोडायला निघालो. अर्ध्या वाटेत म्हणाले, "गाडी फिरवा." मी संतापलो, विमान चुकेल म्हणून ओरडलो. "चुकू दे," ते म्हणाले. गोदामात शिरून त्यांनी फहदनं आदल्या दिवशी धुतलेली एक विजार उचलली आणि शिवणीला सरळ जीभ लावली. फहद बघतच राहिला. "मीठ शिवणीत राहतं," ते मोडक्यातोडक्या अरबीत त्याला म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही. जिभेला लागेनासं होईपर्यंत गोड्या पाण्यात भिजवत ठेवायचं. नाहीतर रबर तडकतं." फहदनं विजार घेतली, स्वतः जीभ लावून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पाण्याचा नळ सोडला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आता कोण बोलावणार तुम्हाला?"

"कोण नाय," ते म्हणाले. "पण माझ्या हातचं सामान ते, डॉक्टर. खराब कसं होऊ देऊ?"

विमान मिळालं. बोलावणं मात्र कधीच आलं नाही. गावात लोकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करून त्यांनी मुलीला नर्स केलं. माझ्या त्या 'शाबास'ची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात फहदला बातमी द्यायला मी गोदामात गेलो. ऐकून तो मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. इस्माईलभाईंच्या वेळच्या, नऊ वर्षांपूर्वीच्या विजारी तिथं रांगेनं टांगलेल्या होत्या. मी एकेक हातात घेऊन पाहिली. एकीलाही चीर नव्हती.