वास सांगा, मग पुडी बांधतो

दोंडाईच्याच्या स्टेशनाकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला हाशम अत्तारांचं काष्ठौषधींचं दुकान लागे. दुकान म्हणजे एक उंच ओटा आणि त्यामागे छताला भिडलेलं लाकडी फडताळ. त्याला एकशे बारा खण, आणि एकावरही चिठ्ठी नाही. यात तुम्हाला हवं ते सापडतं कसं, असं नवख्या गिऱ्हाइकाने विचारलं की हाशमभाऊ एक खण अर्धा ओढत, नाकपुडी किंचित हले, तो लोटून शेजारचा उघडत. तेच उत्तर.

वडिलांनी त्यांना लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून याच फडताळापुढे बसवलं होतं. त्यामुळे औषधं त्यांना दिसायची कमी आणि भेटायची जास्त. सुंठ सरळ अंगावर येणारी. लेंडी पिंपळी मागून येऊन खांद्यावर हात ठेवणारी. ज्येष्ठमध दारातच थांबणारं, आत या म्हटल्याशिवाय न येणारं. दुपारी बाजार पेंगायला लागला की हाशमभाऊ तक्क्याला टेकून डोळे मिटत आणि सगळे खण आपापल्या जागेवरून हलकेच बोलायला लागत. ती ना झोप असे ना जाग. सातपुड्याच्या कुठल्याशा उतारावर आपण पडलोय आणि अंगावरून बेहड्याची सावली सरकतेय, असं काहीतरी त्यांना वाटत राही.

सत्तावन्न सालच्या आषाढात फ्लूची साथ आली. घरटी दोन माणसं अंथरुणाला खिळली. दवाखान्यातून आलेली माणसंही जाता जाता ओट्याशी थांबत. अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध, कोळिंजन अशा काढ्याच्या पुड्या बांधता बांधता नवव्या दिवशी हाशमभाऊ स्वतःच पडले. पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी उतरला, तेव्हा बायकोने, रहिमाबींनी, काढ्याचा पेला पुढे केला. वाफ तोंडावर आली. तिचा ऊनपणा कळला. घोट घेतला तर जिभेला कडू कळलं, तिखट कळलं. पण त्या वाफेत कुणीच नव्हतं.

दोन दिवसांत येईल परत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा झाला. नाक काही परतलं नाही. अत्ताराचं नाक गेल्याचं बाजाराला कळलं तर ओट्यावर कोण चढणार? त्यांनी कुणाला सांगितलं नाही, रहिमाबींनासुद्धा नाही. हातांना खणांच्या जागा पाठ होत्या, तेवढ्यावर दुकान चाललं. फक्त दुपारी डोळे मिटले की फार शांत वाटे. कुणी गावाला गेलेल्या घरात आपण एकटेच बसलोय, तशी शांतता.

मार्गशीर्षात मिरचीचा हंगाम सुरू झाला. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली, एकरच्या एकर. तिकडून वारा आला की हाशमभाऊंचं नाक चुरचुरे, डोळ्यांना पाणी येई. क्षणभर आशा वाटे. पण ती नुसती जळजळ असे, वास नसे.

अशाच एका दुपारी यशोदाबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. पथारीवर मिरचीचे देठ खुडणारी ही बाई पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. पदराला, बोटांना लाल धूळ. त्यांनी कमरेची पुडी काढून ओट्यावर उलगडली. आदल्या दिवशी नातीच्या खोकल्यासाठी नेलेलं कोळिंजन. नातीला दोन उलट्या झाल्या, कफही पडला आणि पोर आता खेळतेय, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग पुडीतला एक तुकडा उचलून हाशमभाऊंच्या नाकाशी धरला.

"हाई कोळिंजन नही, येखंड शे. नाक कोठे इसरी उनात का, भाऊ?"

हाशमभाऊंनी तुकड्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. कातरलेले, सुकलेले, तपकिरी तुकडे. गेल्याच आठवड्यात कोळिंजनाचं आणि वेखंडाचं, अशी दोन पोती एकाच दिवशी आली होती. नाक असतं तर पोत्याचं तोंड सोडताच वेखंड ओरडून उठलं असतं. त्यांनी ते मुकाट कोळिंजनाच्या खणात ओतलं होतं. आणि आठवडाभरात त्या खणातून किती पुड्या गेल्या होत्या, तान्ह्या पोरांच्या घरी किती, हे ते बोटांवर मोजायला लागले.

"इसरनू नही, अक्का," ते म्हणाले. "हारपी गयं."

यशोदाबाई हसायच्या बेतात होत्या, त्या थांबल्या. नाक हरवल्याची पाच महिन्यांची गोष्ट दोन वाक्यांत सांगून झाली. फडताळामागच्या पडद्याआड रहिमाबी उभ्या होत्या. त्यांनीही तेव्हाच ऐकली.

हाशमभाऊंनी फळ्या लावल्या. आधी पुड्या नेलेल्यांची घरं आठवून आठवून दोघं नवराबायको गल्लोगल्ली फिरले. सात पुड्या परत आल्या, दोन घरांत त्या केव्हाच उकळून पिऊन झाल्या होत्या. नुकसान कुणाचं झालं नव्हतं, पण ते नशीब होतं, आणि नशिबावर अत्तारकी करायची नाही हे हाशमभाऊंचं ठरलं. फडताळ विकायचं. रहिमाबींनी चिठ्ठ्या चिकटवायचं सुचवून पाहिलं. त्यांनी मान हलवली. आत काय आहे ते चिठ्ठी सांगेल, पण ते अजून जिवंत आहे की मेलंय हे कोण सांगणार? मग त्यांनी रहिमाबींनाच नाक लावायला सांगितलं. पाच खण हुंगून त्या म्हणाल्या की सगळ्यांना एकच वास येतो, तुमच्या सदऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यशोदाबाईंनी फळ्या ठोठावल्या. पथारीवरच्या आणखी दोघी बरोबर होत्या. खोकला काही कुणासाठी थांबत नाही, तेव्हा खण काढा, असं त्यांचं म्हणणं. हाशमभाऊ एकेक खण काढून समोर धरत आणि बाया आळीपाळीने वाकत. नाव त्यांना ठाऊक नसे, मग त्या वास कसा आहे ते सांगत. आंघोळ घालून आणलेल्या बाळंतिणीसारखा. पाऊस संपल्यावर कौलांखालचा. बंद पेटीत ठेवलेल्या माहेरच्या लुगड्याचा. हाशमभाऊ डोळे मिटून ऐकत, आणि एक एक औषध दुरून, धुक्यातून चालत येऊन पुन्हा त्यांच्या ओट्यावर बसे. "हां, ही जटामांसी." "हा नागरमोथा." एका खणापाशी तिघींनी पुन्हा पुन्हा हुंगलं, मग यशोदाबाई म्हणाल्या की इथे कुणी राहत नाही. तो खण हाशमभाऊंनी उकिरड्यावर ओतला.

सुट्टी संपली तेव्हा वीसेक खण झाले होते. उरलेले बघायला त्या चार दुपारी आल्या.

फडताळ विकलं गेलं नाही. दुकानाला मात्र नवा कायदा लागला. पुडी उघडी समोर ठेवायची, गिऱ्हाइकाने हुंगायची आणि कशी आहे ते सांगायचं. "वास सांगा, मग पुडी बांधतो." लोकांना आधी गंमत वाटली. एकाने हिंगाचा वास सासऱ्यासारखा आहे म्हणून सांगितलं, तर हाशमभाऊंनी शांतपणे विचारलं, सासरा घरातला की बाजारातला? पुढे पुढे पोरीबाळींनाही सुंठ आणि कोळिंजन यांतला फरक कळायला लागला.

एक अडचण उरली होती. काढा न्यायला येणारा माणूस बहुधा पडशाने गच्च झालेला असे.

पुढच्या वर्षी पौषातल्या एका दुपारी हायस्कुलात शास्त्र शिकवणारे सुकदेव मास्तर आले, नाक लाल, आवाज बसलेला. पुडीवर वाकले आणि हात वर केले. दोन बिननाकाची माणसं मग ओट्यावर बसून राहिली, मध्ये उघडी पुडी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन मऊ, पिवळं, पातळ केलेल्या मधासारखं ओट्यावर पसरलं होतं.

बसल्या बसल्या मास्तर घोगऱ्या आवाजात सांगू लागले. आपण वास म्हणतो ते या पुडीतल्या मुळांतलं तेल असतं आणि ते सारखं हवेत उडत असतं. अडुळशाचं तसं नाही. त्याचा गुण कडवट अर्कात, तो पानातच बसून राहतो. म्हणून अडुळसा जिभेवर ठेवला तरी ओळखता येतो, त्याला नाक लागत नाही. हाशमभाऊंना हे फार आवडलं. त्यांनी अडुळशाचं पान चावून पाहिलं, कडू तोंड केलं आणि एवढा एक खण तरी आपला, म्हणून मान डोलावली.

मग काहीतरी सुचून त्यांनी विचारलं, "मास्तर, म्हणजे आपण इथे बसलोय तोवर याचं तेल उडतंय?"

"उडतंय."

हाशमभाऊंनी घाईघाईने पुडीवर तळहात झाकला. स्टेशनाच्या बाजूने डोक्यावर पाटी घेतलेली कुणी बाई येत होती, अजून बरीच लांब. दोघं तिच्या नाकाची वाट पाहत बसले.