मागे निघालेली बदकं

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक उंच शेड आहे. तिच्यात दिवसभर गरम हवा फेकणाऱ्या हीट गनची घरघर चालू असते आणि त्या घरघरीच्या वर आवाज काढून एक बाई ओरडत असते, "सूट गं बाई, सूट आता! किती वर्षं चिकटून बसशील?" नवख्या माणसाला वाटतं, आत कुणी सुनेला घराबाहेर काढतंय. प्रत्यक्षात ती एखाद्या मोटरहोमच्या अंगावरचा जुना पट्टा काढत असते.

मोटरहोम म्हणजे पलंग, ओटा आणि न्हाणीघर पोटात घेऊन फिरणारी गाडी. अशा गाड्यांच्या दोन्ही अंगांवर हौसेने लाटा, डोंगर, पक्षी असं काहीबाही चिकटवलेलं असतं. ते उन्हाने विटतं, तडकतं, कडेने सुटतं. मग मालक ती गाडी घेऊन या शेडमध्ये येतात. बाईचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असेल. असल्या चिकटपट्ट्यांना लोक रेडियम म्हणतात, म्हणून बाकी सगळं जग तिला रेडियमवाली म्हणतं.

तिची सुटलेल्या कडेशी जन्माची दुश्मनी. बसमध्ये पुढच्या सीटच्या पाठीवर अर्धवट निघालेली जाहिरात दिसली की हिची बोटं शिवशिवतात. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तर पाणी पितापिता त्यांच्या फ्रिजवरचं कंपनीचं लेबल नखाने उचकटून ठेवते, आणि वर "घासून पुसून टाका हो, चिकट राहिलंय," असंही सांगून येते. समोरच्या शिंप्याने तर दुकानाच्या काचेवरची अक्षरं रंगवूनच घेतली. म्हणाला, "चिकटवली असती तर हिने माप द्यायला आल्याआल्या सोलली असती."

गिऱ्हाइकांना ती पहिल्यांदा रागावते, मग बसा म्हणते. "जोराच्या फवाऱ्याने धुतलीत ना? कडेवर धरलात ना फवारा? दिसतंय मला! अंघोळ घालायची तर हाताने घाला, मऊ फडक्याने. मेण लावा. सावलीत ठेवा. तुम्ही स्वतः दिवसभर उन्हात उभे राहता का?" गिऱ्हाईक मान खाली घालून नाही म्हणतं. त्यानंतरच पट्ट्याचा रंग कोणता, ही चर्चा.

अशी ही कुणाला न घाबरणारी बाई एका माणसाला मात्र घाबरायची. तिच्या नणंदेला, म्हणजे वन्संना.

वन्संनी उभी हयात तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईतले दोष काढण्याच्या कामावर घालवली. कारखान्याने त्यांना वेळेवर निवृत्त केलं, पण दोष काढणाऱ्या डोळ्यांना कोण निवृत्त करणार? रेडियमवालीने लग्नानंतर पडदे शिवले तर "जरा आखूड झालेत हं." खोली रंगवली तर "कोपऱ्यात ब्रश पोचला नाही वाटतं." मुलगी झाली तर पाळण्यात वाकून, "बाकी ठीक आहे, नाक आपल्याकडचं नाही आलं." वन्सं दुष्ट नव्हत्या. आजारपणात रात्ररात्र उशाशी बसलेल्या बाई त्या. पण 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून भावजयीच्या वाट्याला कधी आला नव्हता, आणि रेडियमवालीला आयुष्यात बाकी सगळं मिळालं असूनही तेवढा एक शब्द हवा होता.

निवृत्तीनंतर वन्संनी जुनी मोटरहोम घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या. आता त्यांना मोटरहोमवाल्यांच्या संमेलनाला जायचं होतं. तिथे सगळ्यांच्या गाड्या रांगेत उभ्या राहणार, लोक फिरून फिरून बघणार. वन्संच्या गाडीवर दोन्ही बाजूंना रानबदकांचा थवा होता, पण त्याची पार रया गेलेली. तेव्हा एका सकाळी वन्संनी गाडी शेडसमोर आणून उभी केली आणि खिडकीतून म्हणाल्या, "बाहेर कुणाला देण्यापेक्षा म्हटलं तूच कर."

रेडियमवालीला तो एक शब्द आठवला. हाच क्षण, हीच संधी. आता नाही तर कधीच नाही.

नवऱ्याला तिने स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, तुमच्या बहिणीला सांगा. काम चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. त्या बोलल्या की माझे हात थरथरतात."

"मी सांगू? ताईला?" नवऱ्याच्या हातातल्या गाळणीतला चहाचा गाळ बशीत पडला. पण सांगितलंन् हो त्याने. वन्सं त्याला अजून बाळ्याच म्हणतात. तोच हक्क वापरून त्याने बहिणीला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. वन्सं म्हणाल्या, "बरं बाबा. तोंड शिवून बसते."

आणि खरंच बसल्या. शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून, चष्मा नाकावर, हात मांडीवर. एक शब्द नाही. आता खोटं कशाला बोला, वन्सं बोलायच्या तेव्हा निदान कळायचं तरी की चूक कुठे आहे. गप्प बसलेल्या वन्सं म्हणजे निकाल राखून ठेवलेलं कोर्ट.

रेडियमवालीने उजव्या बाजूच्या बदकांवर पातळ कागद ठेवून त्यांचा आकार उतरवून घेतला. डावीकडची बदकं उतरवण्यासारखी राहिलीच नव्हती. ती बाजू वर्षानुवर्षं उन्हात उभी, नुसता पापुद्र्यांचा पसारा. पण त्याने काही अडत नाही. उजवीचा आकार आरशात दिसतो तसा उलटा करून कापला की डावी तयार होते. गाडीचं नाक जिकडे, चोच तिकडे, इतकं साधं. तिने उजवीचा थवा कापला, डावीचा कापला. मग वन्संकडे एक चोरटी नजर गेली आणि मनात आलं, उजवीकडे एखादी सुरकुती पडली तर? म्हणून उजवीचा आणखी एक थवा जास्तीचा कापून ठेवला. असा जास्तीचा थवा तिने याआधी कुणासाठी कापला नव्हता. वर पांढुरका चिकट कागद लावून तिन्हींची भेंडोळी केली. भेंडोळी बाहेरून दिसायला जुळी भावंडं. पण तिचा नियम ठरलेला, डावीचं शेडच्या डाव्या भिंतीला, उजवीचं उजव्या भिंतीला. लिहायचं कशाला?

इतक्यात नवऱ्याला पुळका आला. ताई आलीय, शेड किती घाण! त्याने झाडू मारला आणि तिच्या हातातलं उजवीचं भेंडोळं सोडून उरलेली दोन्ही गोळा करून डाव्या भिंतीच्या कोपऱ्यात नीटनेटकी उभी केली. बिचाऱ्याने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच न सांगता काही काम केलं होतं.

उजवी बाजू झकास झाली. डावीकडे आधी जुने पापुद्रे काढायचे होते. हीट गनने ऊब द्यायची, फार नाही, नाहीतर खालचा फायबरचा पत्रा फुगतो. मग प्लॅस्टिकच्या पात्याने हळूच उचलायचं. ते निघाल्यावर गाडीच्या अंगावर जुन्या बदकांची सावली राहते, कारण तेवढ्याच रंगाला ऊन लागलेलं नसतं. एरवी ती सावली नव्या पक्ष्यांखाली झाकून टाकते. पण वन्संच्या गाडीवर सावली? छे! तिने पॉलिश घेऊन ती बाजू इतकी घासली, इतकी घासली की जुनी बदकं कधी होती याचा पुरावाच उरला नाही. पुरावा उरला असता तर त्या सावल्यांच्या चोचींनीच तिला सांगितलं असतं, बाई गं, थांब.

डाव्या भिंतीचं म्हणजे डावीचंच, म्हणून तिने कोपऱ्यातलं भेंडोळं उचललं. ते होतं उजवीचं, जास्तीचं.

शेडमध्ये मोटरहोम जेमतेम मावते. डावीकडे भिंत आणि गाडी यांच्यात एक माणूस आडवा सरकेल एवढीच जागा. मागे सरून अख्खी बाजू बघायची सोयच नाही. नाकासमोर येईल तेवढंच बदक. साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, थवा टेकवला, पट्टीने पाणी बाहेर ढकललं. तिचं सगळं लक्ष फुग्यांवर. इथे एक बुडबुडा, टाचणीने टोचला. तिथे एक, दाबला. वन्सं खुर्ची घेऊन त्या फटीच्या तोंडाशी येऊन बसल्या होत्या. मध्येच त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला.

"पाणी देऊ का, वन्सं?"

वन्संनी जोरजोराने मान हलवली आणि पदराने तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली. शेडमधून बाहेर पडताना तिची उजवी बाजू रस्त्याकडे येते. वन्सं तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. कडांवरून बोट फिरवलं. शिंप्याने मशीन थांबवलं.

"छान," वन्सं म्हणाल्या, आणि लगबगीने गाडीत चढून निघाल्यासुद्धा.

रेडियमवालीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तिने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "ऐकलंत ना? तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. आख्ख्या गल्लीने ऐकलं."

गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि डावीकडे वळली. वळताना तिची अख्खी डावी बाजू पहिल्यांदाच उघड्यावर आली. गाडी चालली होती पुढे आणि बदकं, एकूणएक बदकं, मान ताणून, पंख पसरून, चालली होती मागे.

"अगं बाई!" रेडियमवाली खालीच बसली.

शिंपी कनवाळू माणूस. "त्यांना घर सोडवत नसेल हो," म्हणाला.

"तू शिव!" ती त्याच्यावर ओरडली.

नवऱ्याने तिला उठवलं. "गप राहा आता. ताईला दिसलेलं नाही. 'छान' म्हणून गेलीय. लोक काय, उजवीकडूनही बघतील."

इतकी वर्षं वाट बघितलेला शब्द तिच्या पदरात पडला होता, आणि तो परत मागायला कुणी येणार नव्हतं. पण संमेलनात कुणीतरी हसलं, वन्संना विचारलं, तर? त्यांनी तिथे, रांगेत, सगळ्यांसमोर मान खाली घालायची? आणि हिने इथे बसून तो 'छान' चघळायचा? तो आत्ताच कडेने सुटायला लागला होता. सुटलेली कड तिला कधी सहन झालीय?

"स्कूटर काढा," ती म्हणाली.

पेट्रोलपंपावर वन्सं टायरमध्ये हवा भरून घेत होत्या. साबणाच्या डागांचा एप्रन अंगावर तसाच ठेवून रेडियमवाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "वन्सं, चूक झाली. डावीकडची बदकं उलटी लागलीत."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिलं बदक टेकवलंस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"या गाढवाने स्वतःची शपथ घातली होती ना!" वन्संनी भावाकडे बोट केलं. "मला काय यातना झाल्या असतील, कल्पना आहे? एकेक बदक डोळ्यांसमोर उलटं जातंय आणि मी पदर चावतेय! कारखान्यात असं कुणी मला गप्प बसवलं असतं तर मी नोकरी सोडली असती."

"अहो, पण मग 'छान' कशाला म्हणालात?"

"उजव्या बाजूला म्हणाले. तुझ्या लक्षात आलं नाही? मी उजवीकडेच उभी होते."

रेडियमवालीला हसावं की रडावं कळेना. "आणि तशीच घेऊन चालला होतात? लोकांसमोर?"

वन्संनी टायरकडे बघत उत्तर दिलं. "डावी बाजू कुंपणाला लावून उभी केली असती. एवढा चेहरा फुलला होता तुझा, कोण सांगणार?"

गाडी परत आली. या वेळी शेडमध्ये घातलीच नाही, गल्लीतच सावलीला उभी केली. हीट गन बाहेर आली. आदल्या दिवशीचंच काम, बदकं तक्रार न करता निघाली. गाडीच्या अंगावरचा चिकटपणा पुसून घेतला आणि रेडियमवालीने बरोबर भेंडोळं दोनदा उघडून, चोची बघून घेतल्या. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, शपथ सुटली. बोला आता."

धरणाचं दार उघडावं तसं झालं. "वर घे. अगं, फार नाही. तिथे फुगा. तिथे नाही, शेपटीजवळ! पट्टी तिरकी धर. बाळ्या, उजेड अडवू नकोस, दिसत नाहीये. तो पंख बघ, तो पंख!"

आणि गंमत बघा, रेडियमवालीचे हात जराही थरथरले नाहीत. उलट एक लय लागली. वन्संचा आवाज जिकडे, पट्टी तिकडे. "फुगा!" म्हणताच टाचणी. "कड!" म्हणताच अंगठा. मध्येच तिनेही आवाज चढवला, "दिसतंय हो मला, डोळे आहेत!" तर वन्सं खूश होऊन म्हणाल्या, "मग वापर की!"

काम संपलं तशा वन्सं मागे सरत सरत पार शिंप्याच्या पायरीला जाऊन टेकल्या. तिथून त्यांनी अख्खी डावी बाजू न्याहाळली. मग गाडीला वळसा घालून उजवी न्याहाळली. परत डावीकडे आल्या.

"उजवी जास्त छान झालीय," त्या म्हणाल्या.

रेडियमवालीने तोंडातल्या तोंडात ते दोनदा घोळवून बघितलं. उजवी जास्त छान. म्हणजे डावी कमी छान. पण छानच की! तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि काय निसटून गेलं ते वन्संच्याही लक्षात आलं. त्या घाईघाईने गाडीत चढल्या, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून मान काढून म्हणाल्या, "शेवटचं बदक पोटात जरा जाड वाटतंय हं."

"ते तुमच्या भावावर गेलंय," रेडियमवाली म्हणाली.

बाळ्याने पोट आत घेतलं. वन्सं गाडी वळवून दिसेनाशा झाल्या तरी त्यांचं हसणं गल्लीत ऐकू येत होतं.